सुटली म्हणायचं राहिलं

प्रिय दादा,

सगळं बदललं ते सोमवारी सकाळी, गंगापूर रोडवरच्या मेडिकलच्या काउंटरवर. काउंटरमागच्या ऋतुजानं तुझी जुनी, औषधाची चिठ्ठी उजेडाकडे धरली, वाचली आणि म्हणाली, "ज्यांचं नाव आहे त्यांना पाठव."

तुला कसं पाठवू, सांग?

आज बुधवार. सकाळचे सात वाजलेत आणि मला अकरापर्यंत थांबायचंय. व्यसनमुक्ती केंद्रावरच्या डॉक्टर मॅडमनी बजावलंय, काल संध्याकाळनंतर एकही कॅप्सूल पोटात जाता कामा नये आणि अंग पुरतं ठणकायला लागल्याशिवाय यायचं नाही. म्हणजे चार तास नुसतं बसायचं. मी! तूच म्हणायचास ना, पव्या दोन मिनिटं गप बसला तर त्याची नाडी बघा म्हणून?

मोबाईल वहिनीकडे देऊन टाकलाय, कारण त्यात कॅप्सूल आणून देणाऱ्याचा नंबर आहे. हाताला काहीतरी काम हवं म्हणून कॉलेजची वही काढली. निम्मी कोरी आहे. वर्षभर तुझ्याशी एक शब्द बोललो नाही, फोटोकडे नीट बघितलं नाही. आज बसायचंच आहे तर तुझ्यासमोर बसतो.

हो, कॅप्सूल. तीच, तुझी. दचकलास?

तू गेल्यावर तुझं जॅकेट घरी आलं. कोल्ड स्टोरेजमधलं निळं, कोपरावर कापूस बाहेर आलेलं. वहिनी ते हातातच घेईना, म्हणून मी दारामागच्या खिळ्याला लावलं. आतल्या खिशात अर्धी पट्टी होती. पहिली कॅप्सूल घेतली ती तुझ्यावर चिडून. म्हटलं बघू तरी काय आहे ह्याच्यात, ज्याच्यासाठी ह्यानं आम्हाला सोडलं! आणि काय झालं माहितीये? पंधरा दिवसांत पहिल्यांदा मी भरपेट जेवलो. वहिनीला वाटलं, पोरगं सावरलं.

पट्टी संपली तेव्हा मी कॉलेज सोडून पिंपळगावला तुझ्याच पॅकहाउसमध्ये लागलो होतो, तुझ्याच जागेवर. मग कॅप्सूल कुठून आणायची हे विचारायचीही गरज उरली नाही.

तुझं तरी काय वेगळं झालं होतं रे? बाहेर एप्रिलचं ऊन, आत दात वाजतील अशी थंडी, आणि द्राक्षाच्या पेट्या घेऊन दिवसभर आत-बाहेर, आत-बाहेर. दुसऱ्या सीझनला तुझी कंबर धरली. मुकादमानं चहाबरोबर तळहातावर दुखणं मारणारी एक कॅप्सूल ठेवली, "घे, कंटेनर भरेपर्यंत कंबर आठवणार नाय." नाही आठवली. तिसऱ्या सीझनला कंबर बरी होती आणि कॅप्सूल तशीच चालू होती. मग ती घेतल्याशिवाय अंथरुणातून उठता येईना. मला हे सगळं तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की आई गेल्यावर ज्यानं मला आठवीपासून वाढवलं, तो माणूस सकाळी नाक पुसत, जांभया देत, भिंतीला टेकून बसतो आणि खोटं बोलतो.

पावणेआठ. नाक वाहायला लागलंय. तुझंही असंच वाहायचं आणि मी म्हणायचो, "सर्दी झालीये म्हणे! वर्षभर सर्दी!" कसला कुत्सित बोलायचो मी!

तू स्वतःहून केंद्रावर गेलास. कुणी ढकललं नव्हतं. आल्यावर वहिनीला सांगितलंस, मला नाही. माझं डोकं म्हणजे स्टो, पंप मारायच्या आधीच भडकतो, हे तुला ठाऊक होतं. तरी मला कळलंच. रोज सकाळी आंघोळ झाली की तू खिडकीत बसायचास, जिभेखाली ती गोळी ठेवून. दहा मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही, पाणी नाही, चहा नाही. मी काही विचारलं की एक बोट वर करायचास, थांब म्हणून. वहिनी तोपर्यंत तुझ्या चहावर बशी झाकून ठेवायची.

दादा, त्या दोन महिन्यांत घरात एकदाही भांडण झालं नाही. आता आठवतं. तू वहिनीला घेऊन गोदाकाठी, गंगेवर गेला होतास, भाजीबाजारातून हिरव्या बांगड्या आणल्या होत्यास. माझ्या परीक्षेला सकाळी उठून डबा भरला होतास. पोहे खारट झाले होते. तू बरा होत होतास! हे मला तेव्हा का नाही दिसलं?

कारण मी मोबाईलवर वाचलं होतं. गोळीच्या पाकिटावरचं नाव टाकलं, पहिल्या दोन ओळी वाचल्या: अफूच्या जातीतलं औषध. बास! तिसरी ओळ वाचायला मी थांबलो असतो तर पव्या कसला? म्हटलं, हा आपल्याला फसवतोय. एक नशा सोडली सांगतो आणि दुसरी सरकारी शिक्क्याची घेतो!

मग तो दिवस. तू सीझनला पिंपळगावला मुक्कामी जायचास त्याच्या आदली सकाळ. मी तुला देवघरासमोर बसवलं. वहिनीला म्हटलं बेल आण, भंडाऱ्याची डबी उघड. तुझ्या तळहातावर बेलभंडारा ठेवला, वर माझा हात, समोर खंडोबाचा टाक. "म्हण. माझ्या धाकट्या भावाच्या गळ्याची शपथ, आजपासून कसलीच गोळी घेणार नाही. कसलीच! केंद्रावरचीसुद्धा."

तू हसलास आधी. "पव्या, अरे ती औषध हाय."

"अफू आहे ती. मी वाचलंय."

"तू शिकलेला, तुला जास्त कळतं," म्हणालास. टोमणा नव्हता तो, दादा, खरंच म्हणालास. त्याचा मला आता जास्त त्रास होतो. टोमणा मारला असतास तर बरं झालं असतं!

वहिनी मध्ये पडली, "भाऊजी, राहू द्या ना. बरं चाललंय त्यांचं." मी तिच्यावर ओरडलो. तू तिला डोळ्यानं गप केलंस आणि शपथ घेतलीस. बेलभंडारा उचलून शब्द दिला की माघार नाही, हे आपल्या घरात आजोबांपासून. मग माझा हात तसाच दाबून धरलास, सोडेचना. "आता तू घे. माझी शपथ, कॉलेज पुरं करशील." मी म्हटलं, हे काय, शपथेच्या बदल्यात शपथ? तू म्हणालास, "मग? फुकट कोण घेतं शपथ?"

हसलो दोघं. वहिनी नाही हसली.

मध्येच उठलो होतो. खोलीत येरझाऱ्या घातल्या, सहा पावलं इकडे, सहा तिकडे. पाय आतून कुणीतरी पिळतंय असं वाटतंय, उभं राहिलं तर बसावंसं वाटतं, बसलं तर भिंतीला लाथ मारावीशी वाटते. एक लाथ मारलीही. वहिनी आतून म्हणाली, "भिंत भाड्याची हाय, भाऊजी." आता बसलोय. अक्षर वाकडं येतंय, समजून घे.

आता ते सांगतो जे कुणालाच माहीत नाही. वहिनीलाही नाही.

शपथेला सोळा दिवस झाले होते. दुपारी दीडच्या सुमाराला तुझा पिंपळगावहून फोन आला. मागे टेम्पो रिव्हर्स घेत होते, तो आवाज अजून कानात आहे.

"पव्या, एक काम कर. सुटली म्हण."

"काय सुटली?"

"शपथ रे. तू घातली, तूच सुटली म्हणायचं असतं. मॅडमकडं जाऊन येतो उद्या. अंग लय तळमळतंय, झोप नाय, काय नाय. मला भरवसा नाय राहिला माझा. म्हण ना, एवढंच तर म्हणायचंय."

"सोळा दिवसांत फाटली तुझी?" मी म्हटलं.

"फाटली म्हण. काय पण म्हण. पण सुटली म्हण आधी."

आणि मी फोन कापला.

तुला वाटलं असेल रागानं कापला. राग होताच. पण दादा, खरं सांगतो, नुसता राग नव्हता. मी तेव्हा त्या मेडिकलच्या समोर, रसवंतीच्या बाकावर बसलो होतो. ऋतुजा दीड वाजता जेवायला निघते, अर्धं शटर खाली ओढते, ओढणी खोचते आणि रस्ता ओलांडते. तेवढं बघायला मी रोज कॉलेजचे दोन तास बुडवत होतो. तू 'सुटली म्हण' म्हणालास आणि तेवढ्यात शटर खाली आलं. मला केस सारखे करायचे होते. म्हणून कापला फोन!

तू परत लावलास. दोनदा. मी तो उलटा करून बाकावर ठेवला.

एक शब्द होता. लहानपणी दिवसातून दहा वेळा म्हणायचो आपण. बोरांवरून, पतंगावरून, 'आईला नको सांगू' वरून. शप्पथ घालायची, संध्याकाळी सुटली म्हणायचं आणि जेवायला बसायचं. एवढा साधा शब्द मी तुला दिला नाही.

तू शपथेला घाबरलास का रे? ती मोडली तर मला काही होईल म्हणून? मॅडमकडे न विचारता गेला असतास तर काय बिघडलं असतं! मला शिव्या द्यायच्या, जायचं, गोळी घ्यायची! एवढा मोठा माणूस तू, पेट्यांची थप्पी एकट्यानं उचलणारा, आणि माझ्या गळ्याला जपत बसलास?

तीन दिवस जपलंस. तिसऱ्या दुपारी कंटेनर भरून झाल्यावर तू पूर्वी घ्यायचास तेवढ्याच कॅप्सूल घेतल्यास, वर कुणाकडची तरी झोपेची गोळी, आणि पॅकहाउसच्या मागे सावलीत पुठ्ठ्यांवर आडवा झालास. मोठमोठ्यानं घोरत होतास म्हणे. पोरं हसली, "विलासभाऊचा ट्रॅक्टर चालू झाला." कुणीतरी जॅकेट पांघरलं. झोपू द्या म्हणाले, चांगल्या मनानं म्हणाले. चारच्या चहाला हाक मारली तेव्हा ट्रॅक्टर बंद होता.

मला आता बरंच माहीत झालंय. ते घोरणं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, श्वास अडकत होता तो. असं कुणी घोरत असेल आणि हलवून उठत नसेल तर त्याला झोपू द्यायचं नसतं, धावायचं असतं. एक इंजेक्शन असतं, वेळेत मिळालं तर माणूस परत श्वास घेतो. पॅकहाउसमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. मीही तिथं असतो तर मीही हसलो असतो.

पावणेनऊ. एप्रिलमध्ये थंडी वाजतेय. अंगावर काटा आलाय, कोंबडीसारखा. तुझं जॅकेट घातलंय.

ऋतुजाचं राहिलं. हसू नकोस. तिच्याशी दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून मी दीड वर्ष ओआरएसची पाकिटं विकत घेतोय. वहिनीनं कपाटात रांग बघून विचारलं होतं, "भाऊजी, तुम्हाला सारखे जुलाब कसले होतात?" सोमवारी मात्र मी ओआरएस मागितलं नाही. पिंपळगावचा माल दोन दिवस आला नव्हता, जवळच्या मोजक्याच उरल्या होत्या आणि त्या संपतील म्हणून मी कासावीस झालो होतो. तुझी केंद्रावरची चिठ्ठी जॅकेटमध्ये होती, शिक्क्यासकट. तिच्यावर खाली मी कॅप्सूलचं नाव लिहिलं, डॉक्टरसारखं गिचमिड करून.

"हे खालचं कुणी लिहिलंय?" ऋतुजा म्हणाली.

"डॉक्टरनी."

"वर निळं पेन, खाली काळं. मध्येच शाई संपली त्यांची?"

मागे उभे असलेले एक काका खुदकन हसले. मग तिनं चिठ्ठी उजेडाकडे धरली. "सव्वा वर्षापूर्वीची आहे ही. ज्यांचं नाव आहे त्यांना पाठव."

"तो नाहीये."

"मग आले की पाठव."

"तो नाहीये म्हणतोय ना!" मी काउंटरवर मूठ आपटली. खोकल्याच्या बाटल्या किणकिणल्या. काका दोन पावलं मागे सरकले.

तिला कळलं. ती घाबरली नाही, आवाज फक्त खाली आणला. "हे वर लिहिलंय ना, ते सोडवायचं औषध आहे. आमच्याकडे मिळतही नाही, केंद्रावरच मिळतं. हे घेत होते म्हणजे ते बरे होत होते." मग माझ्याकडे बघून, "का थांबवलं?"

दादा, मागे माणसं उभी असताना, भर दुकानात, असं विचारतात का कुणाला? एवढं सोपं? वर्षभर मी ह्या प्रश्नाच्या आजूबाजूलासुद्धा गेलो नव्हतो!

तिनं माझ्या डोळ्यांकडे निरखून बघितलं. "आरशात बघितलंस? बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात. केंद्रावर जा. आज जा."

"तू येशील?"

"मी? मी कशाला?"

"मी तुझ्यासाठी सोडीन," मी म्हटलं. "खरंच. तुझ्यासाठी, ऋतुजा!" वेळ काय, जागा काय! पण तोंडातून निघून गेलं.

"माझ्यासाठी नको बाबा. उद्या माझ्यावर चिडलास की परत घेशील," ती म्हणाली. "आणि आत्ता जे बोललास ते मी ऐकलंच नाही. आत्ता तू नाही, ती कॅप्सूल बोलतेय." चिठ्ठी परत माझ्याकडे सरकवली. "आणि ओआरएस आता पुरे."

तिला माहीत होतं, दादा! दीड वर्ष माहीत होतं! मला लाज वाटली आणि तेवढाच आनंदही झाला. तुला सांगितलं असतं तर तू किती हसला असतास.

तिथून सरळ केंद्रावर गेलो नाही. रागानं नदीकाठापर्यंत चालत गेलो, परत फिरलो, मंगळवारी गेलो. जाताना मनात एकच होतं, त्या मॅडमला जाब विचारायचा, तुमच्याच गोळीनं माझा भाऊ गेला ना म्हणून. विचारला. त्यांनी पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं, बेलभंडाऱ्यापासून पुठ्ठ्यांपर्यंत. मग म्हणाल्या, "तुझ्या भावाला औषधानं मारलं नाही. औषध बंद झाल्यावर तल्लफ परत आली, पण अंगाची जुनी सवय निघून गेली होती. पूर्वी पचायचं तेवढंच घेतलं, ते आता झेपलं नाही." रागावल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्या रागावल्या नाहीत.

त्यांनी मला तीन वाटा सांगितल्या. ह्या वेळी मी नावं तळहातावर लिहून घेतली, अर्धवट वाचून धावायचं नाही म्हणून. एक तुझीच, ब्युप्रेनॉर्फिन, जिभेखालची. आहे कॅप्सूलसारखी अफूच्याच जातीची, पण अंगाची तळमळ भागवते, डोक्यात चढत नाही, दिवसभर माणूस माणसासारखा वागतो. ती तिसरी ओळ, दादा, जी मी वाचली नव्हती! दुसरं मेथाडोन, पातळ औषध, रोज केंद्रावर जाऊन त्यांच्यासमोर प्यायचं. फार जुनं, फार मोठं व्यसन असेल त्यांना ते बरं पडतं, पण सगळीकडे मिळत नाही. तिसरी नाल्ट्रेक्सोन. ती अफूच्या जातीतली नाहीच. ती घेतली असेल आणि वर कॅप्सूल खाल्ली तर कॅप्सूल लागतच नाही.

मी लगेच म्हटलं, "तीच द्या! तिसरी!"

"त्याआधी आठ-दहा दिवस पूर्ण कोरडं राहावं लागेल. अंगात कॅप्सूल असताना ती दिली तर तू भिंतीवर डोकं आपटशील."

"राहीन कोरडा."

"गेल्या महिन्यात सलग किती वेळ राहिलास?"

मी खोटं बोलणार होतो. मग म्हटलं, "चौदा तास."

"मग चौदा तासवाल्याला जे झेपेल त्यानं सुरू करू. पुढे कधी तिसरीचंही बघू. घरात कुणी रोज समोर बसून गोळी देणारं आहे का?" मी म्हटलं, वहिनी आहे. तरी सुरुवातीचे काही दिवस रोज केंद्रावरच यायचं, म्हणाल्या.

"पण मग ही गोळी आयुष्यभर घ्यायची का?" मी आवाज चढवला. चढतोच.

"वर्ष, दोन वर्षं, लागली तर जास्त. कमी करायची तर माझ्यासोबत, हळूहळू. माझी आई वीस वर्षं बीपीची गोळी घेते," मॅडम म्हणाल्या, "तिला अजून मी शपथ घातलेली नाही."

मी गप बसलो. दादा, मी! गप!

आजच्या थांबण्याचं कारणही त्यांनीच सांगितलं. कॅप्सूल अंगात असताना पहिली गोळी घेतली तर ती कॅप्सूलला एकदम ढकलून देते आणि सगळा त्रास एका झटक्यात उसळतो. म्हणून त्रास आपणहून सुरू व्हायची वाट बघायची. तूही असाच बसला असशील पहिल्या दिवशी. कुठे बसला होतास? घरी तर नव्हतास, मला कळू नये म्हणून. पेठ रोडला? बसस्टँडवर? एकटाच?

हात खिशात गेला, दादा.

तुझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात चार कॅप्सूल आहेत. माझ्या आहेत. वाटलं, एकच. एक घेतली तर अकराची गोळी उद्यावर जाईल, एवढंच ना? उद्या जाऊ. पट्टीचा चांदीचा कागद नखाखाली आला होता. तो आवाज तुला माहीत आहे. बारीक आवाज असतो, पण पोटात ऐकू येतो.

मी ओरडलो, "वहिनी!"

ती धावत आली, हात पिठाचे. मी पट्टी तिच्यासमोर धरली. तिनं पिठाच्या हातानंच ती घेतली, मोरीत बसली, कात्रीनं एकेक कापली आणि नळ सोडला. बराच वेळ सोडला. मी तिच्या पाठीकडे बघत उभा होतो. मग तिला सगळं सांगितलं. फोनचं. शटरचं. केस सारखे केल्याचं.

मला वाटलं, आता ती कात्री मला फेकून मारेल.

तिनं नळ बंद केला. "बेल मीच आणला होता," म्हणाली. "डबी मीच उघडली. नाय म्हणायला पाहिजे होतं, डबी फेकून द्यायला पाहिजे होती. ती सकाळ रोज येते माझ्या डोळ्यापुढं. तुम्ही एकट्यानं सगळं घेऊन बसू नका, भाऊजी. माझं मला ठेवा."

मी रडलो. तीही. मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "एक करा पण. घातलेली शपथ तशीच लटकत ठेवू नये. माणूस गेला म्हणून काय झालं?"

दहा वाजून गेलेत. तिनं चहा आणून ठेवलाय. वर बशी झाकलीये. मी बघितलं, तिनंही बघितलं, मग ती आत गेली.

दादा, मी तुझी शपथ मोडली. कॉलेज सोडलं. मोडताना विचारही नाही केला, कारण तू आधीच गेला होतास, शपथेनं मरायला कुणी उरलंच नव्हतं. त्याचा राग धर. कान पिळ. पण एक मागतो. माझी ती शपथ तू सुटली म्हणू नकोस. मोडलीये, पण राहू दे माझ्यावर. वहीत अजून कोरी पानं आहेत.

आणि मी कसला शब्द देऊ तुला? शपथ घेत नाही. कुणाच्या गळ्याची नाही, बेलभंडाऱ्याची नाही, ऋतुजाची तर नाहीच. साधं सांगतो. आज अकराला जीभ वर करीन, मॅडम गोळी ठेवतील, आणि ती विरघळेपर्यंत मी तोंड मिटून बसेन. उद्या परत जाईन. परवा परत. चिडलो तरी जाईन, ऋतुजा दुसऱ्या कुणाबरोबर दिसली तरी जाईन, बरं वाटायला लागलं की तेव्हा तर नक्की जाईन. घसरलो तर लपवणार नाही, दुसऱ्या दिवशी तिथंच उभा असेन. आणि पुढच्या सीझनला पिंपळगावला जाऊन त्या पोरांना त्या घोरण्याचं सांगून येईन.

देवघरासमोर जाऊन आलो. टाकासमोर हात जोडले नाहीत, भंडाऱ्याची डबी उघडली नाही. तुझा फोटो तिथंच आहे, त्याच्याकडे बघितलं. नीट बघितलं. आणि म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, आतून वहिनीलाही ऐकू जाईल असं.

सुटली, दादा.

एक वर्ष उशीर झाला. पण सुटली.

अंग ठणकतंय, नाक वाहतंय, मॅडमना हवं तेवढं सगळं झालंय. वहिनी म्हणाली, "येऊ का?" मी म्हटलं, नको, परत येईन तेव्हा दार उघड. चपला घातल्या. जॅकेट अंगावरच आहे. हे शेवटचं बाहेरून लिहितोय, कागद दाराला टेकवून. दार मी ओढून घेतलंय.

तुझा,
पव्या